अपघात संगणकात, विश्वास मात्र चाचणीवर

मोपाच्या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळावरून लंडनच्या गॅटविकला जाणाऱ्या एअर इंडियाच्या थेट सेवेसाठी बोईंग ७८७ ड्रीमलायनर जातीची विमाने वापरली गेली. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या गोमंतकीयांमुळे ही सेवा राज्यातील अनेक कुटुंबांच्या दृष्टीने जिव्हाळ्याची होती. १२ जून २०२५ रोजी त्याच गॅटविककडे अहमदाबादहून निघालेले याच जातीचे विमान उड्डाणानंतर काही सेकंदांतच कोसळले. विमानातील २४१ आणि जमिनीवरील १९, अशा एकूण २६० जणांचा त्यात बळी गेला. ड्रीमलायनरची ही पहिलीच प्राणांतिक दुर्घटना होती. त्यानंतर एअर इंडियाने जी उड्डाणे स्थगित केली, त्यांत मोपा-गॅटविकचाही समावेश होता.

या दुर्घटनेच्या प्राथमिक अहवालाचा रोख दोन्ही इंजिनांचा इंधनपुरवठा खंडित होण्यावर आहे. विमानाचा सांगाडा ज्या पदार्थाचा बनला आहे, त्याच्यावर त्यात ठपका नाही, आणि तसा तो ठेवण्यास आधारही नाही. तरीही या निमित्ताने एक प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. ड्रीमलायनरच्या सांगाड्याचा वजनाने सुमारे निम्मा भाग कार्बन तंतूंच्या संमिश्र पदार्थाचा आहे. एअरबस ए-३५० मध्ये हे प्रमाण ५३ टक्के आहे. ज्यातून माणसे वाचू शकतात अशा अपघातात हे विमान प्रवाशांचे रक्षण करील, हे कुणी आणि कसे पडताळून पाहिले? याचे प्रामाणिक उत्तर असे की, थोडे कारखान्यात आणि बरेचसे संगणकात. संगणकातील या अपघातावर किती विसंबावे, हा आता केवळ अभियंत्यांचा विषय राहिलेला नाही.

पत्रा वाकतो, कार्बन फुटतो

मोटारीचा पत्रा ठोकरला की त्याला पोचा पडतो. पोलाद किंवा ॲल्युमिनियम तुटण्यापूर्वी बरेच वाकते, दुमडते, चुरगळते. आणि या वाकण्यातच टकरीची ऊर्जा खर्ची पडते. धातूच्या या स्वभावाचा अभ्यास शतकभराहून अधिक काळ चालला आहे. त्यामुळे पोलादी मोटारीची टक्कर गणिताने मांडणे तुलनेने सोपे जाते.

कार्बन तंतूची जात वेगळी. एकेक तंतू पाच ते सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाइतका. असे असंख्य तंतू इपॉक्सीसारख्या राळेत बसवून पातळ थर तयार होतात आणि वेगवेगळ्या दिशांनी एकावर एक रचलेल्या अशा थरांतून भाग घडतो. तंतूंच्या दिशेने त्याची ताकद अफाट, पण आडव्या दिशेने बेताचीच. शिवाय हा पदार्थ वाकून सूचना देत नाही. मर्यादा ओलांडली की फुटतो. आघातात काही तंतू तुटतात, काही दाबाखाली वळून मोडतात, राळेला तडे जातात, एकमेकांना चिकटलेले थर सुटतात आणि सुटलेले तुकडे परस्परांवर घासतात. हे सारे काही सहस्रांश सेकंदांत आणि एकाच वेळी घडते.

याचा अर्थ कार्बन असुरक्षित, असा मात्र नव्हे. नीट रचलेली कार्बनची नळी टोकापासून क्रमाक्रमाने चुरडत गेली, तर ती वजनाच्या प्रमाणात पोलादापेक्षा कितीतरी अधिक ऊर्जा शोषू शकते. पण ही ‘नीट रचलेली’ अट फार मोठी आहे. नळीच्या टोकाला तिरका छेद दिला, तर ती टोकाकडून शिस्तीने चुरडत जाते. तो छेद नसेल, तर तीच नळी एकदम फुटून जवळजवळ काहीच ऊर्जा न शोषता मोकळी होऊ शकते. पदार्थ तोच, वजन तेच. फरक केवळ कडेच्या आकाराचा. इतक्या लहानशा गोष्टीवर परिणाम अवलंबून असेल, तर भाकीत किती नाजूक ठरते, हे वेगळे सांगायला नको.

संगणकात टक्कर कशी घडते

अपघाताच्या संगणकीय प्रतिरूपणाचा उगम मोटारींच्या नव्हे, तर शस्त्रांच्या संशोधनात आहे. अमेरिकेच्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत जॉन हॉलक्विस्ट यांनी १९७६ मध्ये लिहिलेल्या प्रणालीतून आजची ‘एलएस-डायना’ ही जगभर वापरली जाणारी प्रणाली पुढे आली. १९८० च्या दशकाच्या मध्यास फोक्सवागन पोलोची समोरासमोरची टक्कर एका रात्रीत संगणकावर गणली गेली आणि मोटार उद्योगाने या पद्धतीची शक्ती ओळखली.

या पद्धतीत वाहनाचे लक्षावधी लहान घटकांत विभाजन करतात. काळाचेही अतिसूक्ष्म तुकडे पाडतात आणि दर तुकड्याला प्रत्येक घटकावरील बल आणि त्याची हालचाल मोजतात. काळाचा तुकडा किती लहान असावा, याला नैसर्गिक मर्यादा आहे. पदार्थातून जाणारी ध्वनिलहर एका घटकाच्या पलीकडे पोहोचण्याआधी पुढचे गणित व्हावे लागते. कार्बन संमिश्रात तंतूंच्या दिशेने ही लहर सेकंदाला सुमारे नऊ किलोमीटर वेगाने धावते. घटक पाच मिलिमीटरचा धरला, तरी काळाचा तुकडा मायक्रोसेकंदाच्या निम्म्याएवढाच उरतो. सेकंदाच्या दहाव्या हिश्शात आटोपणाऱ्या टकरीसाठी मग सुमारे दोन लाख वेळा सारे गणित पुन्हा मांडावे लागते.

आणि हे झाले पाच मिलिमीटरच्या घटकाचे. कार्बनचा एकेक थर मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढाच असतो. प्रत्येक थर, प्रत्येक तडा त्याच्या खऱ्या आकारात दाखवायचा म्हटले, तर काम हजारो पटींनी वाढते आणि सबंध विमानासाठी ते आजच्या महासंगणकांच्याही आवाक्याबाहेर जाते. म्हणून तडजोड करावी लागते. अनेक थरांचा मिळून एक घटक मानला जातो, आणि तो ‘केव्हा निकामी झाला’ हे ठरवणारे नियम हाताने घातले जातात.

खरी मेख या नियमांत आहे. संमिश्र पदार्थ नेमका केव्हा तुटतो, यावर शास्त्रज्ञांचेच एकमत नाही. ब्रिटनमधील हिंटन, सोडेन आणि कद्दूर या संशोधकांनी १९९० च्या दशकात एक जागतिक उपक्रम हाती घेतला. निरनिराळ्या सिद्धान्तांच्या कर्त्यांना ठरावीक नमुने दिले आणि प्रयोगाचे आकडे आधी न दाखवता भाकीत करायला सांगितले. २००४ पर्यंत चाललेल्या या पहिल्या टप्प्यात १९ सिद्धान्त १४ कसोट्यांवर पारखले गेले. भाकितांमध्ये मोठी तफावत निघाली, आणि एकही सिद्धान्त सर्व कसोट्यांवर उतरला नाही. ही कसोटी सावकाश वाढणाऱ्या भाराची होती; टकरीचा प्रश्न त्याहून अवघड आहे.

अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात पाओलो फेराबोली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहे. नागमोडी आकाराचा एक लहानसा कार्बनचा नमुना चिरडायचा आणि तेच एलएस-डायनात घडवायचे, एवढाच प्रश्न होता. उत्तर जुळले, पण त्यासाठी चुरडणाऱ्या कडेलगतच्या घटकांची ताकद किती कमी धरायची, हा एक आकडा प्रयोग आणि सुधारणा करत ठरवावा लागला. हा आकडा पदार्थाचा गुणधर्म नाही. कोणत्याही प्रयोगशाळेत तो मोजता येत नाही. पुढील कामात असेही दिसले की, नमुन्याचा आकार बदलला की हा आकडाही पुन्हा जुळवावा लागतो. म्हणजे संगणकाने प्रयोगाचे भाकीत केले असे म्हणण्यापेक्षा, प्रयोगाने संगणकाला शिकवले, असे म्हणणे अधिक सयुक्तिक ठरेल.

यात फसवणूक नाही. अभियांत्रिकीत असे जुळवून घेणे मान्य आणि आवश्यक आहे. अनर्थ होतो तो, ही जुळवणी कशाशी केली हे विसरले जाते तेव्हा. हवामान खात्याच्या अंदाजाची परीक्षा रोज आकाशच घेते. चूक दुसऱ्या दिवशी कळते आणि प्रतिमान सुधारते. विमानाच्या अपघाताचे तसे नाही. तो क्वचित घडतो, आणि घडूच नये यासाठी सारी धडपड असते. म्हणून येथे परीक्षा मुद्दाम घडवून आणावी लागते. कुणीतरी पैसे खर्च करून खरा भाग खरोखर फोडावा लागतो. ती फोडाफोड थांबली, तर संगणकातील अपघाताला उत्तरदायी असे काहीच उरत नाही.

ड्रीमलायनरची परीक्षा

हेच जाणून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २००७ मध्ये ड्रीमलायनरसाठी विशेष अटी घातल्या. त्याआधी सबंध धडाच्या अपघातसुरक्षेचा स्वतंत्र नियम नव्हता; धातूचे धड कसे वागते याचा दीर्घ अनुभव गृहीत धरला होता. कार्बनला तो अनुभव लागू नव्हता. म्हणून अट अशी घातली की, सेकंदाला ३० फूट, म्हणजे ताशी सुमारे ३३ किलोमीटर, वेगाने विमान खाली आदळले, तरी त्यातील प्रवाशांची स्थिती त्याच आकाराच्या धातूच्या विमानापेक्षा वाईट असता कामा नये. डोक्यावरील सामान व जड वस्तू जागच्या जागी राहाव्यात, प्रवाशांना बसणारा धक्का सहन होण्याजोगा असावा, जगण्यापुरती पोकळी शाबूत राहावी आणि बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या राहाव्यात, असे चार निकष त्यात होते.

ऑगस्ट २००७ मध्ये ॲरिझोनातील मेसा येथे बोईंगने धडाचा सुमारे तीन मीटर लांबीचा एक भाग सुमारे साडेचार मीटर उंचीवरून खाली टाकला. या उंचीवरून पडताना जमिनीवर येणारा वेग जवळपास अटीतल्या वेगाइतकाच भरतो. आपल्या भाकितांशी निष्कर्ष जुळले, असे कंपनीने सांगितले. त्याआधी साध्या पट्ट्या, मग तुळया, मग जोड, मग मोठे भाग, अशी पायरीपायरीने प्रतिमानाची परीक्षा घेतली जाते. या उतरंडीच्या तळाशी शेकडो लहान नमुने फोडले जातात आणि शिखराशी एखादीच मोठी चाचणी असते. संपूर्ण विमान मात्र कुणी आपटून पाहिले नाही. तेवढी झेप संगणकाने घेतली; पण पायाखालच्या पायऱ्या खऱ्या होत्या.

उपरोल्लेखित अटींची मर्यादाही लक्षात घ्यावी. त्या ‘वाचता येण्याजोग्या’ अपघातासाठी आहेत. भर वेगात इमारतीवर आदळणाऱ्या विमानात धातू असो वा कार्बन, सांगाड्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही.

कार्बनच्या मोठ्या प्रवासी विमानाची एक खरी परीक्षा २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर झाली. उतरणारे जपान एअरलाइन्सचे ए-३५० धावपट्टीवरील तटरक्षक दलाच्या लहान विमानावर आदळले. तटरक्षक विमानातील सहापैकी पाच जण मृत्युमुखी पडले. प्रवासी विमान पुढे पूर्णपणे जळून गेले; पण त्यापूर्वी त्यातील सर्व ३७९ जण बाहेर पडले होते. याचे श्रेय विमान कर्मचाऱ्यांच्या शिस्तीला द्यावेच लागेल, आणि एका घटनेवरून सिद्धान्त मांडणेही योग्य नाही. तरीही धड शाबूत राहून बाहेर पडण्यास अवधी मिळाला, ही नोंद महत्त्वाची आहे.

भरवसा आणि त्याची किंमत

सर्वांत धाडसी समजल्या जाणाऱ्या मोटार शर्यतींत याविषयी कमालीची सावधगिरी आढळते. फॉर्म्युला वनमध्ये मॅकलारेनने १९८१ मध्ये कार्बनची चालककुपी आणली. आज प्रत्येक संघाकडे उत्तम संगणकीय साधने आहेत. तरीही गाडीचे नाक आणि चालककुपी प्रत्यक्ष चाचणीत उतरल्याशिवाय ती शर्यतीत धावू शकत नाही. २०२० मध्ये बहरीनमध्ये रोमाँ ग्रोजाँ यांची गाडी कठड्यावर आदळून दुभंगली आणि पेटली. चालक मात्र कुपीतून स्वतः बाहेर आला. बीएमडब्ल्यूने २०१३ मध्ये आणलेल्या ‘आय-३’ या विजेवरील मोटारीतही प्रवाशांची कुपी कार्बनची, पण टक्कर झेलणारा खालचा सांगाडा ॲल्युमिनियमचा ठेवला होता. ज्याचे वागणे खात्रीने सांगता येते, त्याच्याकडे चुरगळण्याचे काम देण्याचा हा शहाणपणा होता.

याच्या उलट उदाहरण ‘टायटन’चे. १८ जून २०२३ रोजी टायटॅनिकचे अवशेष पाहायला निघालेली ही पाणबुडी खोल समुद्रात चिरडली गेली आणि पाच जणांचा अंत झाला. ती टक्कर नव्हती, पाण्याचा दाब होता. पण धडा तोच आहे. तिचे नळकांडे कार्बन संमिश्राचे होते, आणि कोणत्याही वर्गीकरण संस्थेचे प्रमाणपत्र तिने घेतलेले नव्हते. आदल्या वर्षीच्या एका फेरीत मोठा आवाज झाला होता. तरी त्यानंतरही ती समुद्रात उतरत राहिली. ऑगस्ट २०२५ मधील अमेरिकी तटरक्षक दलाच्या अहवालाने ही दुर्घटना टाळता आली असती, असा निष्कर्ष काढला. नवा पदार्थ वापरणे हा अपराध नव्हता. बाहेरच्या तपासनिसाला दार बंद करणे, हा होता.

आपल्याकडे हा प्रश्न का

भारतात कार्बन संमिश्र नवे नाहीत. हलक्या ‘तेजस’ लढाऊ विमानाच्या सांगाड्यात वजनाने सुमारे ४५ टक्के भाग संमिश्रांचा आहे आणि त्यामागे बेंगळुरूच्या संस्थांचे काही दशकांचे काम आहे. आपल्या राज्यात पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीतील किनेको या कंपनीने काचतंतूंच्या भागांपासून वाटचाल करत विमान उद्योगाच्या संमिश्र भागांपर्यंत मजल मारली आणि त्यासाठी अमेरिकेतील कामन कंपनीबरोबर संयुक्त उपक्रमही उभा केला. किनाऱ्यावरील फायबरच्या होड्या तर गोमंतकीयांच्या रोजच्या पाहण्यातल्या. विजेवरील वाहने, रेल्वे, ड्रोन या साऱ्यांना हलके सांगाडे हवे आहेत. म्हणजे हा पदार्थ यापुढे आपल्या रस्त्यांवर आणि रुळांवर वाढत जाणार.

याच वेळी जगभर नियामक संस्था संगणकीय पुराव्याला अधिक जागा देऊ लागल्या आहेत. युरोपातील मोटारसुरक्षा गुणांकन करणाऱ्या युरो एनकॅपने आभासी चाचण्या आपल्या पद्धतीत आणल्या आहेत. मात्र उत्पादकाचे प्रतिमान प्रत्यक्ष चाचणीशी जुळते हे आधी सिद्ध व्हावे लागते. भारतात १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ‘भारत एनकॅप’मध्ये ताशी ६४ किलोमीटर वेगाने खरी गाडी आदळवली जाते. हा खर्चिक आग्रह सोडण्याचा मोह पुढे होईल. तेव्हा युरोपातील सवलत उचलताना तिच्यामागची अटही उचलली पाहिजे.

चाचण्यांचा खर्च लहान उद्योगांना परवडत नाही, संगणकामुळे त्यांनाही या क्षेत्रात उतरता येते, हा युक्तिवाद खोटा नाही. पण त्यावर उपाय चाचण्या वगळणे हा नसून त्या वाटून घेणे हा आहे. अमेरिकेतील विचिटा स्टेट विद्यापीठातील ‘एनकॅम्प’ हे केंद्र संमिश्र पदार्थांच्या चाचण्या करून त्यांची आकडेवारी खुली ठेवते आणि विमान नियामक ती ग्राह्य मानतात. प्रत्येक कंपनीला तळापासून सुरुवात करावी लागत नाही. भारतात अशी खुली, नियामकमान्य आकडेवारी उभी राहिली, तर पिळर्णसारख्या ठिकाणच्या उद्योगांना तिचा थेट लाभ होईल. फर्मागुडीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि आयआयटी, कुंकळ्ळीची एनआयटी यांनाही त्यात भाग घेता येण्याजोगा आहे; कारण उतरंडीच्या तळाची लहान नमुन्यांची चाचणी ही महाविद्यालयीन प्रयोगशाळेच्या आवाक्यातली गोष्ट आहे.

शिवाय काही प्रश्न आपल्या हवेचेच आहेत. इपॉक्सी राळ हवेतील ओलावा शोषते, आणि उष्णता व ओलावा एकत्र आले की तिची ताकद घटते. कोकणपट्टीत वर्षानुवर्षे धावणाऱ्या वाहनाचे प्रतिमान कोरड्या, नव्याकोऱ्या नमुन्याच्या आकड्यांवर बेतले असेल, तर ते आपल्या उपयोगाचे नाही. पत्र्याचा पोचा डोळ्यांना दिसतो. कार्बनवर लहान आघात झाला, तर वरून काही न दिसता आतले थर सुटलेले असू शकतात. डेंटिंग-पेंटिंगच्या सवयीचे गॅरेज आणि नुसत्या नजरेने पाहणी करणारा विमा सर्वेक्षक यांना हे कळणार कसे? संगणकातील गाडी नेहमी नवी असते, रस्त्यावरची नसते.

तेव्हा कार्बनचे वाहन ‘संगणकीय चाचणीत उत्तीर्ण’ असल्याचे सांगितले जाईल, त्या वेळी तीन गोष्टी विचारल्या पाहिजेत. हे प्रतिमान कोणत्या प्रत्यक्ष चाचणीशी ताडून पाहिले? ती चाचणी ज्या आकाराची, वेगाची आणि हवामानाची होती, त्याच्या किती पलीकडे हे भाकीत नेले आहे? आणि उत्पादकाबाहेरच्या कुणी ते तपासले आहे काय? हे प्रश्न विचारण्यासाठी अभियंता असण्याची गरज नाही. उत्तरे समजून घेऊन अमान्य करण्याची कुवत मात्र आपल्या नियामकांकडे असली पाहिजे, आणि तीसाठी तज्ज्ञ माणसे व प्रयोगशाळा यांवर खर्च करावा लागेल. मोपाच्या धावपट्टीवरून लंडनला निघणारा प्रवासी हे प्रश्न विचारणार नाही. त्याच्या वतीने ते कुणीतरी आधीच विचारले आहेत, या विश्वासावर तो विमानात बसतो.